कोंबडीच्या अंगावरचे फोड आणि जखमा: ओळखायच्या कशा, बऱ्या करायच्या कशा



पावसाळा सरत आला की आपल्या राळेगाव तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत बचत, कर्ज, हप्ता हे सगळं झाल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, कोंबडीच्या तुऱ्यावर फोड आले, काय लावू?" दुसरी मावशी लगेच म्हणते, "काही लावू नोको वो, देवी आल्या तिले." तिसरी हळूच विचारते, "मंग बजारात नेऊन विकून टाकू का?"

हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. शेतातल्या कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तो बहुतेक कृषी केंद्राच्या उधारीत जातो. कोंबडीचा पैसा मात्र बाईच्या हातात राहतो. लेकराची वही, दवाखान्याचं तिकीट, गटाची बचत यातूनच निघते. म्हणून या अंकात कोंबडीच्या कातडीवरच्या जखमांचा पाठ घेऊ. एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि घरी जाऊन त्याच संध्याकाळी एक कोंबडी हातात घेऊन पाहावी.

आधी कोंबडी नीट पाहा

लांबून पाहून रोग कळत नाही. दिवसा कोंबडी धरायला गेलं तर ती पळते, घाबरते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात बसल्या की अलगद उचला. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा किंवा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळा. मग टॉर्चच्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने पाहा:

१. तुरा आणि हनुवटीखालची लोंबती लाल कातडी
२. डोळ्यांच्या पापण्या आणि चोचीचे कोपरे
३. चोच उघडून तोंडाच्या आत, जिभेवर, घशाजवळ
४. पंखाखाली आणि पाठीवर, पिसं फुंकर मारून बाजूला करून
५. शेपटीखाली
६. पायाचे खवले आणि तळपाय

याला दोन मिनिटं लागतात. जखम कुठे आहे, एक आहे की खूप आहेत, एकाच कोंबडीला आहे की चार-पाच जणींना, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

कोणती जखम कशाची?

देवी. सुरुवातीला तुऱ्यावर, पापणीवर, चोचीजवळ बारीक पांढुरकी पुरळ दिसते. काही दिवसांत ती वाढते, पिवळट होते, मग चामखिळीसारखी खरबरीत आणि शेवटी काळपट तपकिरी खपली धरते. पिसं नसलेल्या जागीच हे फोड जास्त येतात. एका कोंबडीला झालं की आठ-दहा दिवसांत दुसरीलाही दिसतं. पिलांना आणि तलंगांना जास्त त्रास होतो. पापणीवर फोड आले की डोळा चिकटतो, पिलाला दाणा दिसत नाही आणि ते उपाशी राहून मरतं. बरीच पिलं रोगापेक्षा उपासानेच जातात, हे लक्षात ठेवा.

देवीचा दुसरा प्रकार तोंडाच्या आत होतो. जिभेवर, घशात पिवळट पांढरा थर धरतो. कोंबडी तोंड वासून श्वास घेते, खाणं सोडते. हा प्रकार जास्त धोक्याचा. असा थर बोटाने किंवा काडीने ओरबाडू नका, रक्त येतं आणि श्वास अडकू शकतो. सरळ डॉक्टरांना दाखवा.

टोचल्याची किंवा भांडणाची जखम. ही एका जागी असते, ताजं रक्त दिसतं, नंतर एकच खपली धरते. ती पसरत नाही आणि दुसऱ्या कोंबडीला लागत नाही. पाठीवरची पिसं जाऊन कातडी सोललेली दिसली तर बहुधा कोंबड्याच्या नखांचं किंवा पायामागच्या काट्याचं काम असतं. शेपटीखाली जखम असेल तर बाकीच्या कोंबड्या टोचत आहेत असं समजा. रक्त दिसलं की त्या अजून टोचतात, म्हणून अशा कोंबडीला लगेच वेगळं काढायचं.

चिकट पिसवा. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळे तीळ चिकटल्यासारखे दिसतात. लांबून पाहिलं तर देवीची खपली वाटते. जवळून पाहिलं तर ते वेगवेगळे दाणे असतात, तोंड कातडीत रुतवून बसलेले. त्यांच्यावर व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल जाडसर लावलं की त्यांचा श्वास कोंडतो. मग चिमट्याने एक एक काढता येतात. डोळ्यात तेल जाऊ देऊ नका.

गोचीड आणि उवा. उवा पंखाखाली आणि शेपटीजवळ पिसांच्या मुळाशी दिसतात. कोंबड्यांची गोचीड मात्र दिवसा दिसत नाही. ती खुराड्याच्या फटीत, लाकडाच्या सालीखाली लपते आणि रात्री येऊन रक्त पिते. कोंबडी फिकी पडली, अंगावर लाल जांभळे ठिपके दिसले, तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी तपासा.

पायाची खरूज. पायाचे खवले वर उचलल्यासारखे, जाड, पांढरट खडूसारखे दिसतात. खवल्याखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे घर करतात. जुनी कोंबडी असेल तर आपण म्हणतो, वय झालं तिचं. ते वय नसतं, खरूज असते आणि ती हळूहळू दुसऱ्यांना लागते. पाय कोमट साबणपाण्यात भिजवा, जुन्या मऊ ब्रशने हलके घासा, कोरडे करा आणि खोबरेल, करंज किंवा कडुनिंबाचं तेल किंवा व्हॅसलीन चोपडा. आठवड्याने पुन्हा, असं तीन-चार वेळा करा. खवले ओढून काढू नका.

तळपायाचं गळू. कोंबडी लंगडते, तळवा सुजतो, मधोमध काळा खडा दिसतो. काटा रुतल्याने, उंचावरून कडक जमिनीवर उडी मारल्याने असं होतं. आपल्या अंगणात पऱ्हाटीचा आणि बाभळीच्या फांद्यांचा ढीग असतो, कोंबड्या त्यातच उकरतात, म्हणून आपल्याकडे हे दिसणारच. कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा मिनिटं शेका, पुसा, आयोडीनचं औषध लावा, स्वच्छ पट्टी बांधा आणि ती रोज बदला. आत कडक पू असेल तर चिरायचं काम डॉक्टरांचं. घरच्या ब्लेडने चिरू नका.

अळ्या पडलेली जखम. ही वाट पाहण्याची जखम नाही. माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या होतात आणि मांस खातात. मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने सगळ्या अळ्या काढा, कोंबडीला माशी नसलेल्या जागी झाकून ठेवा आणि त्याच दिवशी पशुसखीला किंवा डॉक्टरांना बोलवा.

जखम धुवायची रीत

अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात एक लहान चमचा मीठ सपाट भरून टाका, कोमट होऊ द्या. हेच आपलं धुवायचं पाणी. पुसायला दवाखान्यातला पांढरा कापूस किंवा उकळून वाळवलेलं सुती फडकं घ्या. घरात वेचलेला कापूस ढिगाने असला तरी तो वापरू नका. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणासारखा तेलकट थर असतो, तो पाणी शोषत नाही, आणि त्यात धूळ, कचराही असतो.

धुऊन झालं की पोव्हिडोन आयोडीनचं तपकिरी औषध लावा. ते पाण्यात मिसळून फिक्या चहासारखा रंग आला की पुरे. डोळ्याजवळ मात्र आयोडीन नाही, फक्त मिठाचं पाणी. हळद आणि कडुनिंबाचं तेल लावायची आपली रीत आहे. जखमेवर माशी बसू नये म्हणून तेलाचा उपयोग होतो, पण त्याने देवी जात नाही. औषध लावण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवा.

काय लावायचं नाही

रॉकेल, गाडीचं जळकं तेल, चुना, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापसावर फवारायचं औषध. "उवा मरतात ना वो" म्हणून काही घरी बोंडअळीचं औषध पाण्यात टाकून कोंबडी बुचकळतात. तायांनो, हे विष आहे. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अंगावर उडालेल्या औषधाने माणूस जातो तिथे दीड किलोची कोंबडी काय तग धरणार? ती जगली तरी तेच विष अंड्यात येऊ शकतं, आणि ते अंडं आपल्याच लेकराच्या ताटात जातं.

माणसांच्या गोळ्या फोडून पाण्यात टाकणं हाही उपाय नव्हे. देवी विषाणूमुळे होते, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. फोडात पू झाला तर डॉक्टर वेगळं औषध देतात, आणि ते दिल्यावर किती दिवस अंडी-मांस खायचं नाही हेही सांगतात. ते विचारून घ्या.

देवी आली तर महिनाभर काय करायचं?

देवी मारणारं औषध नाही. पण औषध नाही म्हणजे उपाय नाही असं नव्हे. बहुतेक कोंबड्या तीन ते चार आठवड्यांत बऱ्या होतात, तोवर त्यांना जगवायचं काम आपलं.

आजारी कोंबडी वेगळ्या डाल्याखाली ठेवा. तिचं दाणापाणी वेगळं करा. आधी निरोगी कोंबड्यांचं काम उरका, मग आजारीचं. डोळे चिकटले असतील तर सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने भिजवून उघडा. दाणा टोचता येत नसेल तर भिजवलेल्या कण्या, मऊ भात, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज द्या. पसरट भांड्यात पाणी चोचीजवळ ठेवा. खपल्या ओढून काढू नका, त्या आपोआप गळतात. गळलेल्या खपल्यांमध्ये देवीचा विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून त्या आणि आजारी कोंबडीखालचा भुसा झाडून जाळा. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

एकदा देवीतून उठलेल्या कोंबडीला सहसा पुन्हा देवी होत नाही. ती तुमच्या खुराड्यातली पक्की कोंबडी आहे, तिला घाईने कापू नका.

देवी हा शब्द आणि आपला समज

आपल्या आज्यांनी माणसांच्या देवी पाहिल्या आहेत. त्या रोगावरही औषध नव्हतं, म्हणून लोक देवीला शरण जात, लिंब बांधत, शांत राहत. पण तो रोग गेला तो लशीमुळे. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी संपल्याचं जाहीर केलं. दंडावर लशीचा वण असलेल्या मावश्या आजही आपल्या गटात आहेत. देवीला नमस्कार जरूर करा, पण लसही टोचा. दोन्हीत भांडण नाही.

आणखी दोन गैरसमज. माणसांच्या कांजिण्या कोंबडीपासून होत नाहीत, आणि कोंबडीची देवी माणसाला होत नाही. २०२२ साली आपल्या गाई-बैलांना लम्पी झाला, अंगावर गाठी आल्या. तो विषाणू वेगळा. तेव्हा जनावरांना शेळीच्या देवीची लस टोचली होती, ती कोंबडीला चालत नाही. कोंबडीची लस वेगळी आहे.

डास आणि खुराडं

देवी एकीकडून दुसरीकडे नेतो तो मुख्यतः डास. आजारी कोंबडीला चावतो, मग चांगलीला. टोचल्याच्या किंवा काट्याच्या जखमेतूनही रोग शिरतो. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर हा रोग वाढतो. खुराड्याजवळचं साचलेलं पाणी, फुटके माठ, टायर, नारळाच्या करवंट्या उलट्या करा. कोंबड्यांचं पाणी रोज बदला. संध्याकाळी खुराड्याला बारीक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी लावा.

खुराड्याच्या फटी मातीने लिंपा, आतून चुना मारा. अंगणात एका कोपऱ्यात चाळलेली माती आणि चुलीची गार राख एकत्र करून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, त्याने उवा कमी होतात. पऱ्हाटीचा ढीग खुराड्यापासून दूर रचा. बाजारातून किंवा माहेराहून आणलेली कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळी ठेवूनच बाकीच्यांत सोडा.

लस एकटीने नाही, गटाने

देवीची लस पिलू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की देतात. दोन टोकांची सुई लशीत बुडवून पंखाच्या पातळ पडद्यातून आरपार टोचतात. सात ते दहा दिवसांनी त्या जागी बारीक सूज किंवा खपली दिसली तर लस लागली. दिसली नाही तर पशुसखीला सांगून पुन्हा टोचून घ्यायची.

अडचण वेगळीच आहे. लशीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचे डोस असतात. कुपी थंड ठेवावी लागते, आणि एकदा मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली उद्या चालत नाही. आठ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून एकटी बाई दवाखान्यात गेली की तिला थांबावं लागतं. पण गटात दहा बाया, प्रत्येकीकडे आठ ते बारा कोंबड्या धरल्या तर शंभराचा आकडा आपल्या गटातच आहे. गट करून कर्ज मिळतं तशी गट करून लसही मिळते.

ही लस पुण्याची शासकीय पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था तयार करते. मागणी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात द्यायची. वडकी, झाडगाव, वाढोणा बाजार, जिथे जो दवाखाना जवळ तिथे. ग्रामसंघाच्या ठरावावर कोंबड्यांची संख्या लिहून पावसाळ्याच्या तोंडावर मागणी द्या. टोचायचं काम सकाळी उन्हाच्या आधी ठेवा. आजारी कोंबडीला लस देऊ नका. गावात देवी सुरू झाली असेल तर अजून न लागलेल्या कोंबड्यांना लगेच टोचता येतं का, हे डॉक्टरांना विचारा.

विकायची का?

आता तो तिसरा प्रश्न. हप्ता उद्यावर आहे, कोंबडीला फोड आलेत, बाजारात नेली तर दीडशे-दोनशे मिळतील. मनात येतंच, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ती कोंबडी घेणार कोण? आपल्यासारखीच दुसरी बाई, दुसऱ्या गटातली. तिच्या खुराड्यात देवी जाणार, तिची पिलं मरणार, आणि पुढच्या बाजारात तीच खेप आपल्याकडे परत येणार. म्हणून गटाने ठरवायला हवं की फोड असलेली कोंबडी महिनाभर विकायची नाही. आणि त्या महिन्यात त्या बाईचा हप्ता अडला तर गटाने बैठकीत बोलून मुदत द्यायची. नुसतं "विकू नको" म्हणणं सोपं आहे, तिचा भार थोडा वाटून घेतला तरच तो नियम टिकेल.

हे दिसलं तर थांबू नका

तुरा निळा-काळा पडणं, डोकं सुजणं, एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या अचानक मरणं, ही देवी नव्हे. बर्ड फ्लू किंवा मानमोडी असू शकते. बर्ड फ्लू २००६ साली नवापूरला आला होता, २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला. अशा कोंबड्यांना उघड्या हाताने धरू नका, कापू नका, विकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या गटात एकूण कोंबड्या आणि पिलं किती? नावानिशी यादी करा.
२. गेल्या वर्षी कोणाकोणाची पिलं फोड येऊन मेली? कोणत्या महिन्यात?
३. लशीची मागणी घेऊन दवाखान्यात कोण दोघी जाणार?
४. आजारी कोंबडी न विकण्याचा ठराव घ्यायचा का? हप्त्याला किती मुदत द्यायची?

चारही उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि यादी ग्रामसंघाच्या लेखापालाकडे द्या. मी पुढच्या फेरीत गावात येईन तेव्हा सगळ्यात आधी तीच यादी मागेन.

आपली,
क्षेत्र समन्वयक, राळेगाव